घर मागण्याआधी जागा शोधा : परवडणाऱ्या घरांसाठी शहरात कृती समिती कशी उभारावी

महापालिकेवर मोर्चा जातो, निवेदन दिलं जातं, आयुक्त 'पाहतो' म्हणतात आणि सहा महिन्यांनी तीच माणसं तेच निवेदन नवी तारीख घालून पुन्हा देतात. 'गरिबांना घरं द्या' या वाक्यावर कुठल्याही खात्याला फाइल उघडता येत नाही. 'गट नंबर अमुक, क्षेत्र ४० आर, विकास योजनेत दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षित, अकरा वर्षं पडून' असं लिहिलेला कागद मात्र नगररचना विभागाच्या टेबलावर जातो, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. असा कागद तयार करणारी समिती कशी बांधायची, ते पुढे दिलं आहे. डोळ्यांसमोर महाराष्ट्रातलं दोन ते पंधरा लाख लोकसंख्येचं शहर धरलं आहे. मुंबईतल्या झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनांचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

आधी हिशेब, मग सभा

पहिल्या बैठकीला जाण्याआधी एक आकडेमोड वहीच्या पानावर मांडून न्या. महिना २०,००० रुपये कमावणारं कुटुंब घरासाठी फार तर ३० टक्के, म्हणजे ६,००० रुपये काढू शकतं. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज झेपतं ते ६ लाख ६० हजारांच्या आसपास. पगारपत्रक नसलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. तो गृहवित्त कंपनीकडे जातो. तिथे व्याज १३ टक्के धरलं तर लाखामागे हप्ता १,१७० होतो आणि तेच ६,००० रुपये जेमतेम ५ लाख १० हजारांचं कर्ज पेलतात. यात प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चे अडीच लाख (केंद्राचे दीड, राज्याचा किमान एक) मिळवा. एकूण साडेसात ते नऊ लाख.

आता ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं घर घ्या. भिंती, जिना, व्हरांडा धरून सव्वाचारशे चौरस फूट बांधकाम होतं. फुटाला २,००० रुपये खर्च धरला तर साडेआठ लाख. जागा फुकट किंवा नाममात्र दराने मिळाली तरच हे गणित कसंबसं जुळतं; जागेचा बाजारभाव मिळवला की कोसळतं. शिवाय महिना १२,००० कमावणाऱ्या विधवा घरकामगार बाईचं गणित जागा फुकट मिळाली तरी जुळत नाही. तिला मालकीचं घर नको, परवडणाऱ्या भाड्याचं घर हवं. योजनेच्या नव्या टप्प्यात त्यासाठी वेगळा घटक आहे. म्हणून समितीच्या मागण्यांत मालकी आणि भाडं ही दोन कलमं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. स्थानिक बांधकामाचे दर घालून हा हिशेब फळ्यावर सोडवला की सभेतलं निम्मं भाषण आपोआप गळून पडतं.

कोणाला बोलवायचं

घरकामगार, बांधकाम कामगार, सफाई कामगार, रिक्षाचालक, फेरीवाले यांच्या संघटना. जुन्या वाड्यांतले भाडेकरू. बचत गटांचे वस्तीस्तर संघ. ही नावं सगळ्यांनाच सुचतात. न सुचणारी नावं जास्त महत्त्वाची आहेत : भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेला भूकरमापक, नगररचनेतला निवृत्त आरेखक, महसुली दावे चालवणारा वकील, वास्तुशास्त्र महाविद्यालयातले चारदोन विद्यार्थी आणि त्यांचे एक सर. मोर्चाला हजार माणसं मिळतात, पण फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) वाचून सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात काय दडलंय ते सांगणारा माणूस शोधावा लागतो.

प्रत्येक संघटनेचे दोन प्रतिनिधी घ्या, त्यात एक बाई असलीच पाहिजे. निर्णय घेणारी समिती ९ ते ११ जणांची ठेवा. नगरसेवक, माजी नगरसेवक, सर्व पक्षांचे शहराध्यक्ष यांना 'निमंत्रित' म्हणून बोलवा, पदाधिकारी करू नका. निवडणूक लागली की पदाधिकाऱ्याच्या पक्षाचं लेबल समितीला चिकटतं आणि उरलेले पक्ष दार लावून घेतात. जमिनीचे दलाल आणि बिल्डर बैठकीबाहेर. बिल्डरशी बोलायची वेळ येते, नक्कीच येते. तेव्हा वेगवेगळ्या संघटनांचे दोघे मिळून जातील आणि भेट त्याच दिवशी रजिस्टरमध्ये नोंदवतील, एवढा एक नियम पाळा. बऱ्याच समित्या या एकट्याने घेतलेल्या चहापायी फुटतात.

एका पानाचं ठरावपत्र करा, मागण्या चारच्या वर नकोत. त्यात 'कोणत्या वस्तीला आधी घर' हा वाद ठरवू नका. तो वाद जागा हातात येईपर्यंत निरर्थक आहे आणि तोवर समितीत कोणी उरत नाही.

एक फट मात्र आधीच बुजवा : झोपडीचा मालक आणि त्याच झोपडीतला भाडेकरू. झोपडपट्टी कायद्याचं संरक्षण १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या धारकाला पैसे भरून पुनर्वसन. माळ्यावर भाड्याने राहणारं कुटुंब या हिशेबात कुठेच दिसत नाही. पुढे 'पात्र-अपात्र' यादी लागते तेव्हा हीच माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. भाडेकरूंचा एक स्वतंत्र प्रतिनिधी समितीत असेल तर तो प्रसंग निदान आत मिटतो.

सर्वेक्षण

पाहणी चारशे ते पाचशे कुटुंबांची पुरते, पण ती एकाच वस्तीतली नको. चार-पाच वस्त्या, दोन चाळी आणि भाड्याच्या खोल्यांचा एखादा पट्टा घ्या. दोघांची जोडी, त्यात एक बाई. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. एका जोडीची दिवसाला १५ ते २० घरं होतात, त्याहून जास्त झाली तर फॉर्म घरी बसून भरलेत असं समजा.

फॉर्म एका पानाचा. सगळ्यात वर ठळक अक्षरांत : 'हा घराचा अर्ज नाही. यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.' ही ओळ गाळली तर आठवड्यात त्याच फॉर्मच्या झेरॉक्स कोपऱ्यावरच्या दुकानात विकायला येतात. प्रश्न साधे : घरात किती माणसं, किती कुटुंबं, वरच्या माळ्यावर कोण राहतं, भाडं किती, डिपॉझिट किती, करार लेखी की तोंडी, गेल्या पाच वर्षांत किती वेळा घर बदललं, कामाला जायला किती वेळ आणि पैसे लागतात, वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, ३ ते ६, ६ ते ९ की त्यावर. उत्पन्नाचे हेच गट घ्या, कारण आवास योजनेत दुर्बल, अल्प आणि मध्यम उत्पन्न गट याच आकड्यांवर ठरतात. वेगळे गट केलेत तर तुमचा आकडा कुठल्याच सरकारी तक्त्यात बसणार नाही. भारतात कुठेही पक्कं घर नावावर आहे का, हेही विचारा. गावाकडे भावांच्या सामायिक नावावर पक्कं घर निघालं की अर्ज अडकतो, आणि हे कळायला अर्जाच्या वेळेपर्यंत थांबू नये. आधार क्रमांक लिहून घेऊ नका. गरज नसलेली माहिती हरवली तर समितीची पत गेली.

जागांची यादी : खरं काम इथे आहे

विकास योजनेचा (म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा) मंजूर नकाशा आणि अहवाल सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात मिळतो. बऱ्याच महापालिकांनी संकेतस्थळावरही टाकला आहे. अहवालातल्या आरक्षणांच्या तक्त्यातून घरांशी संबंधित सगळी आरक्षणं उतरवून काढा : 'दुर्बल घटकांसाठी घरे', 'बेघरांसाठी घरे', 'सार्वजनिक गृहनिर्माण' अशी नावं शहरागणिक बदलतात. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो आणि त्यासमोर सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर. त्यावरून महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. गावठाण आणि जुन्या शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक.

मग तक्ता भरा. रकाने असे : आरक्षण क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, धारकाचं नाव, भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन) की २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), इतर हक्क, पोहोचरस्त्याची रुंदी, जागेवर आज काय आहे (तारखेसह फोटो), पूररेषा, आणि शेवटी 'कोणत्या टेबलावर'. क्षेत्र लिहिताना गोंधळ होतो : सातबाऱ्यावर हेक्टर-आर, नकाशावर चौरस मीटर, लोकांच्या तोंडी गुंठे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे १ हेक्टर. सगळं चौरस मीटरमध्ये आणा. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १ धरला आणि घरामागे ४५ चौरस मीटर बांधकाम धरलं तर ओबडधोबड ८५ ते ९० घरं. यादीत २० जागा असतील तर सगळ्यांच्या नावापुढे घरांचा असा आकडा लिहा. अधिकाऱ्यांना आणि पत्रकारांना हेक्टर दिसत नाहीत, घरं दिसतात.

नकाशावर जागा दिसली म्हणून भुलू नका, प्रत्यक्ष जाऊन या. पोहोचरस्ता नऊ मीटरचा दाखवलेला असतो आणि तिथे बैलगाडी वळत नाही. निळ्या रेषेच्या आत (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) येणाऱ्या जागा सरळ खोडा. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. तिच्या आतल्या जागेवर बांधकामाच्या अटी वाढतात आणि खर्चही. गायरान यादीत घेण्याचा मोह होतो, कारण ते मोठं आणि मोकळं दिसतं. गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा जुलै २०११ चा शासन निर्णय यामुळे ती वाट जवळजवळ बंद आहे. त्यावर दोन वर्षं घालवू नका. त्यापेक्षा शासनाच्या नावाच्या, एखाद्या खात्याला कधीकाळी दिलेल्या आणि न वापरलेल्या जागा शोधा. अतिक्रमणांसाठी तलाठ्याकडची गाव नमुना १-इ ही नोंदवही पाहा.

कलम १२७ वर डोळा

आरक्षण कागदावर आहे म्हणून जागा सुरक्षित असं कुणी समजू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना ('जमीन विकत घ्या' अशी नोटीस) देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मोकळी. हे सगळं कसलाही गाजावाजा न होता घडतं : सूचना आवक होते, भूसंपादन विभाग निधी मागतो, लेखाशीर्षात पैसे नसतात, फाइल फिरते, २४ महिने संपतात. नंतर तिथे टॉवरचा फलक लागतो तेव्हा शहराला कळतं.

म्हणून समितीचा पहिला माहिती अधिकार अर्ज यावरच टाका. राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. मजकूर असा ठेवा :

'विषय : कलम १२७ खालील खरेदी सूचना. कालावधी : १ एप्रिल २०१५ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत. गृहनिर्माणाशी संबंधित आरक्षणांबाबत प्राप्त खरेदी सूचनांची यादी – आरक्षण क्रमांक, सर्व्हे/गट क्रमांक, क्षेत्र, सूचना प्राप्त झाल्याचा दिनांक, केलेली कार्यवाही, सद्यस्थिती. सोबत संबंधित नोंदवहीच्या प्रती.'

'आरक्षण का विकसित केलं नाही?' असा प्रश्न टाकू नका. 'का' ला 'अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' हे ठरलेलं उत्तर येतं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, नंतर ९० दिवसांत आयोगाकडे द्वितीय अपील. आयोगाकडे फार वेळ जातो, म्हणून प्रथम अपिलाची सुनावणी गांभीर्याने घ्या आणि तिथेच फाइल पाहायला मागा.

यादी हाती आली की भिंतीवर कॅलेंडर लावा आणि प्रत्येक सूचनेची २४ महिन्यांची शेवटची तारीख लाल शाईने लिहा. शेवटच्या तारखेआधी किमान नऊ महिने आयुक्तांना पत्र : या जागेसाठी रोख मोबदला, टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारे बांधकाम हक्क) किंवा अकोमोडेशन रिझर्व्हेशन (मालकानेच आरक्षणाचा हिस्सा बांधून देऊन उरलेली जागा वापरणं) यांपैकी काय करणार, ते लेखी कळवा. पत्रातच तीन पर्याय दिले तर 'निधी नाही' एवढं लिहून फाइल बंद करता येत नाही. रोख मोबदला हवा असेल तर तरतूद अंदाजपत्रकात लागते, आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. फेब्रुवारीत मागणी घेऊन जाणारे एक वर्ष उशिरा पोचतात.

वीस टक्के कुठे गेले

मोठ्या शहरांत आणखी एक साठा आहे. २०१३ पासून लागू असलेल्या आणि २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत आलेल्या सर्वसमावेशक गृहनिर्माणाच्या तरतुदीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के हिस्सा ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांसाठी ठेवायचा असतो आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. मूळ अट १० लाख लोकसंख्येची आहे, म्हणून २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं सोलापूर तिच्या बाहेर राहतं. आपल्या शहराला ती आज लागू आहे का, हे नगररचनेकडून लेखी घ्या.

लागू असेल तर गेल्या काही वर्षांतल्या ३,५०० चौरस मीटरवरच्या सर्व बांधकाम परवानग्यांची यादी मागवा आणि क्षेत्रफळाच्या क्रमाने लावा. ३,९०० ते ३,९९९ या पट्टीत गर्दी दिसली तर त्या भूखंडांचे जुने फेरफार काढा. एकाच मूळ गटाचे तुकडे निघण्याची शक्यता असते. आरोप करायची घाई नको. मूळ गट, विभाजनाची तारीख, परवानगीची तारीख असा तीन रकान्यांचा तक्ता आयुक्त आणि म्हाडा दोघांनाही एकाच दिवशी द्या, दोन्हीकडची पोच घ्या.

आराखडा सुधारत असेल तर

वीस वर्षांतून एकदा येणारी ही संधी. नव्या विकास योजनेचं प्रारूप (मसुदा) प्रसिद्ध झालं की त्याच अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती-सूचनांना मोजकेच दिवस मिळतात. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांवरून इतका तापला की एप्रिलमध्ये तो मागे घेऊन सुधारण्याचे आदेश झाले, मे २०१६ मध्ये नवा आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. तिथे वस्त्यांच्या संघटना, अभ्यासक आणि वास्तुविशारद प्रारूप येण्याच्या आधीपासून विद्यमान भूवापर नकाशा तपासत होते. तुमच्याकडेही भूवापर सर्वेक्षण सुरू झालं की लगेच त्याला भिडा. नकाशात वस्तीच्या जागी 'मोकळी जागा' दिसली तर पुढचं सगळं चुकतं.

हरकत छापील मजकुरावर हजार सह्या घेऊन देऊ नका, ती एक हरकत म्हणून गठ्ठ्यात जाते. प्रत्येकाची वेगळी, अर्धं पान : नकाशाचा भाग क्रमांक, आरक्षण क्रमांक, नेमका कोणता बदल हवा, कारण, नकाशाच्या तुकड्याची झेरॉक्स. सुनावणी नियोजन समितीपुढे होते; तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा वस्तीचा इतिहास सांगू नका. नकाशावर बोट ठेवा.

आणि नियमाचा मसुदा शब्दन् शब्द वाचा. मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ मध्ये एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीची इमारत उभी असलेली जमीन हिशेबातून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, १९८२ च्या गिरणी संपानंतर तीस वर्षांनी.

पैसा, बैठका, कंटाळा

पहिल्या वर्षी नोंदणीची गरज नाही. संघटनांनी महिना ५०० रुपये, पावतीपुस्तक, दोन सह्यांचं खातं, आणि दर बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचणं. घराच्या नावाखाली कुटुंबांकडून एक रुपयाही घेऊ नका, अगदी फॉर्मच्या झेरॉक्सचाही. पुढे स्वतः जमीन घ्यायची वेळ आली तर सहकारी संस्था नोंदवून, संस्थेच्या खात्यातच.

तो मार्ग अशक्य नाही. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगारांच्या संघटनेने नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ मध्ये ती पूर्ण झाली. त्यानंतर यंत्रमाग, विडी, कचरावेचक, फेरीवाले अशा असंघटित कामगारांसाठी रेनगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या १५ हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. मात्र त्यामागे अनेक दशकांची कामगार संघटना होती. सहा महिन्यांच्या समितीने त्याची नक्कल करायला जाऊ नये.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, दुपारी चारला. रात्री आठची बैठक म्हणजे बायकांना न बोलावण्याची सभ्य पद्धत. इतिवृत्त हाताने लिहा आणि त्याच रात्री फोटो गटावर टाका. आठव्या-नवव्या महिन्यात उपस्थिती निम्म्यावर येते. तेव्हा एखादं छोटं काम हातात असू द्या, एका वस्तीतल्या पन्नास कुटुंबांचे उत्पन्न दाखले काढून देणं, किंवा आधार आणि शिधापत्रिकेवरच्या नावांतला फरक दुरुस्त करणं. 'सुमन' आणि 'सुमनबाई' एवढ्या फरकावर अर्ज परत येतात, आणि घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर होणार असल्याने हे काम कधी ना कधी करावंच लागतं.

जागा ठरली की महापालिका सविस्तर प्रकल्प अहवाल करते, तो राज्याच्या समितीकडून केंद्राकडे जातो. अहवालाची प्रत मंजुरीआधी मागा आणि फक्त तीन गोष्टी शोधा : पाण्याची जोडणी कोणाच्या खर्चाने, सांडपाणी कुठे सोडणार, आणि सगळ्यात जवळचा बसथांबा किती मीटरवर. यातलं उत्तर 'स्वतंत्र प्रस्तावित' असं असेल तर तो स्वतंत्र प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहा, आणि त्याच्या मागे लागा. चावी घेतलेली घरं पाण्यावाचून कुलूपबंद राहतात आणि वर्षभरात त्यांच्या खिडक्या चोरीला जातात.